गार्डसाहेबांचे सात सांधे

गार्डसाहेबांनी उभ्या आयुष्यात रेल्वेत एक दिवससुद्धा नोकरी केली नव्हती, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. ते पंप बनवणाऱ्या कारखान्यात नकाशे काढायचे. पण घराच्या मागच्या खोलीत त्यांनी दोन पलंग जोडल्यावर होईल एवढी फळी टाकून तिच्यावर खेळण्यातल्या आगगाडीचं अख्खं राज्य मांडलं होतं. स्टेशन, बोगदा, पूल, मालधक्का, काय म्हणाल ते. खेळणं म्हटलेलं त्यांना खपायचं नाही. शेजारच्या कुणीतरी गमतीनं गार्डसाहेब म्हटलं, आणि ते नाव असं चिकटलं की टपालवालासुद्धा तीच हाक मारायला लागला.

बायको टेलर. पुढच्या खोलीत तिचं मशीन, भिंतीला गिऱ्हाइकांचे कोट, आणि तोंडात कायम दोन टाचण्या. त्या टाचण्यांमुळे ती कमी बोलते असा लोकांचा समज होता. तो साफ चुकीचा होता. टाचण्या काढल्या की टेलरबाई कुणाला ऐकायची नाही.

तर ती गाडी. एका रुळाचे जिथं दोन होतात, त्या जागेला रेल्वेची माणसं सांधा म्हणतात. फळीवर असे सात सांधे होते, आणि सातही नाठाळ. गाडी मजेत धावत यायची, सांध्यावर चढायची आणि तिथंच मान टाकायची. मग गार्डसाहेब आपला लांबलचक हात पुढं करून तिला बोटानं हलकेच ढकलायचे. पुढच्या रुळावर वीज मिळाली की गाडी पुन्हा सुरू. एकोणीस वर्षं हाच कारभार.

"अहो, एकदा ते नीट का नाही करत?" टेलरबाई विचारायची.

"बोट आहे की," ते म्हणायचे.

नकाशात केसाएवढी रेघ चुकली तर अख्खा कागद फाडणारा हा माणूस. पण स्वतःच्या घरात बोटावर निभत होतं ना, मग झालं तर.

गेल्या वर्षी त्यांना झटका आला आणि उजवं अंग गेलं. बोलणं तेवढं परत आलं, थोडं जड, पण तिरकसपणा शाबूत. चाकाच्या खुर्चीत बसून डाव्या हातानं त्यांना गाडीची कळ फिरवता यायची, फळीच्या कडेचे सांध्यांचे खटके ओढता यायचे. अडलेल्या गाडीपर्यंत मात्र हात पोचायचा नाही. मग पुढच्या खोलीत हाक यायची, "अगं, चार नंबरवर अडलीये." ती मशीन थांबवून जायची, गाडीला बोट लावायची, आणि गार्डसाहेब म्हणायचे, "आभारी आहे."

खरं दुखणं हे होतं. अडतीस वर्षांच्या संसारात ह्या माणसाच्या तोंडून आभार हा शब्द तिनं ऐकला नव्हता. आणि आता? पाणी दिलं, आभारी आहे. बटण लावलं, आभारी आहे. चष्मा, टॉवेल, उशी, आभारी आहे. एके दिवशी तिनं मोजायला घेतलं, दुपारच्या जेवणापर्यंत एकतीस झाले, मग तिनंच नाद सोडला. प्रत्येक वेळी ते कडू औषधाचा घोट घ्यावा तसा तो शब्द बोलायचे, आणि ती "असू दे हो" म्हणून तोंड फिरवायची. तिला ते आभार नको होते. ते तिच्या छातीवर एकेक करून साचत चालले होते.

मग एक दिवस गाडीचा आवाज बंद झाला. दोन दिवस, चार दिवस, नऊ दिवस. दहाव्या दिवशी चहा पिताना गार्डसाहेब म्हणाले, "आगगाडीवाल्या हौशी मंडळाला फोन केलाय. दोन आठवड्यांनी, रविवारी, टेंपो घेऊन येतील, फळी घेऊन जातील. ती खोली मोकळी होईल."

"बरं," ती म्हणाली, आणि आत जाऊन तिनं एका कोटाची बाही उलटी जोडली. अशी चूक तिच्या हातून नवशिकी असतानाही झाली नव्हती. उसवता उसवता तिला सगळं लख्ख कळलं. त्यांना गाडी नकोशी झाली नव्हती. दिवसभर सगळ्यांचे आभार मानणाऱ्या माणसाला, जिच्यासाठी कुणाचे आभार मानायला लागू नयेत अशी एवढी एकच गोष्ट उरली होती, आणि आता तिच्यातही आभार घुसले होते. गाडी सांध्यावर न अडता गेली तर हा माणूस दिवसातला एखादा तास तरी कुणाचा मिंधा राहणार नव्हता. ती टेंपोत चढली की तोही तास संपला.

सोमवार, बुधवार, शुक्रवार दुपारी दवाखान्याची गाडी त्यांना व्यायामाला न्यायची आणि पाचला परत आणून सोडायची. म्हणजे टेलरबाईच्या हातात सहा दुपारी. सांधे नीट करायचे, आणि तेही त्यांना कळू न देता, म्हणजे आभाराचा प्रश्नच नको, असं तिनं ठरवलं.

पहिल्या सोमवारी तिनं काय केलं, तर सांध्यांना तेल घातलं. हसू नका. पन्नास वर्षं शिलाई मशीन चालवलेली बाई ती. मशीन अडलं की तेल, हे तिच्या हाडात मुरलेलं. तिनं पिचकारीवजा डबी घेतली आणि सातही सांध्यांना, वर रुळांनाही, प्रेमानं तेल पाजलं. कळ फिरवली. गाडीची चाकं जागच्या जागी गरगरली आणि गाडी, जी पूर्वी सात ठिकाणी अडायची, ती आता कुठंच हलेना. बुधवारची दुपार स्पिरिट आणि चिंध्या घेऊन ते तेल पुसण्यात गेली. सहातल्या दोन गेल्या.

गुरुवारी सकाळी भाजीच्या निमित्तानं ती रेडिओवाल्याकडे गेली. हल्ली रेडिओ कोण दुरुस्त करतो? पण त्याचा बाप रेडिओवाला, म्हणून तोही रेडिओवाला. मिक्सर, पंखे, फोन, सगळं उघडून बसलेला, एकटा जीव, कपाळाला कायम आठी.

तिनं सगळं सांगितलं. त्यानं ऐकलं आणि म्हणाला, "घरी येणार नाही, ताई."

"का रे बाबा?"

"तुमच्या साहेबांनी माझ्या डाखाला, वायरीच्या सोल्डरिंगला, चिमणीची शीट म्हटलं होतं. चार गिऱ्हाइकांदेखत. बारा वर्षं झाली."

आता ह्याला काय म्हणावं? टेलरबाईला हसू आलं आणि तिनं ते दाबलं. "मग मला शिकव," ती म्हणाली.

त्यानं आठी थोडी सैल केली आणि कागदावर सांधा काढून दाखवला. "ही दोन पाती हलतात, गाडीला इकडं नाहीतर तिकडं वळवतात. पात्याला वीज कुठून मिळते? शेजारच्या रुळाला टेकतं म्हणून. मध्ये धूळ आली, गंज आला, की वीज बंद. टेकण्यावर कसला भरवसा, ताई? बारीक वायरनं पातं रुळाला कायमचं जोडून टाका. वायर मऊ हवी, नाहीतर पातं हलणार नाही."

"म्हणजे नुसती टाचणी लावून कोट घालत होतो, आता शिवायचा."

"तसंच. आणि हे पुढं दोन रूळ एकमेकांना छेदतात ना, त्याला नाक म्हणतो आम्ही. त्या नाकाला वीजच नाही. मोठं इंजिन तरून जातं, तुमचं पिटुकलं अडतं. नाकालाही वीज द्यायची. पण गाडी सरळ जाताना एका रुळाची, वळताना दुसऱ्या रुळाची. त्यासाठी प्रत्येक खटक्याला एकेक छोटा स्विच लावा, खटका ओढला की नाकाची वीज आपोआप बदलेल." त्यानं एका डब्यात हात घालून नखाएवढे सात स्विच काढले, जुन्या ओव्हनच्या दारांतले. "आणि दोन्ही रुळांची वीज एकत्र आली की शॉर्ट. मग सगळंच बंद. एवढं जपा."

पुढचा तासभर तिनं भंगार पत्र्यावर डाख द्यायचा सराव केला. पहिले चार डाख चिमणीचेच होते, पाचव्यापासून हात बसला. उठताना तिला त्याच्या शर्टाची विरलेली कॉलर दिसली. "उद्या हा शर्ट आणून दे, कॉलर उलटवून देते," ती म्हणाली. त्यानं मान खाली घातली आणि पुढच्या मिक्सरचे स्क्रू काढायला लागला. आपल्याला कुणी शिकवावं आणि तेही असं मनापासून, ह्याचं तिला वाटेत फार बरं वाटत राहिलं.

शुक्रवारपासून काम सुरू झालं. फळीखाली उताणं पडायचं, एका हातात बॅटरी, दुसऱ्यात डाख द्यायची सोल्डरिंग गन. साठी उलटलेल्या बाईनं करायचं काम नव्हे ते. पण तिची एक रीत होती आणि ती तिनं इथंही सोडली नाही. आधी कच्ची टीप, मग पक्की. वायर आधी नुसती पिळून लावायची, गाडी सांध्यावरून चारदा नेऊन बघायची, आणि मगच डाख. लोंबणाऱ्या वायरी तिनं फळीच्या खालच्या अंगाला मेण लावलेल्या दोऱ्यानं बांधून टाकल्या, सुबक, एका मापाच्या टाक्यांनी. रेडिओवाल्याला हे सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "हे कुणी शिकवलं तुम्हाला?"

"बिघडलेल्या कोटांनी," ती म्हणाली.

पहिला सांधा झाला तेव्हा गाडी त्याच्यावरून अशी गेली की जणू तिथं कधी काही नव्हतंच. टेलरबाई फळीखालून बाहेर आली, जमिनीवर बसली आणि खुशाल रडली. मग डोळे पुसून दुसरा सांधा धरला.

एक अडचण होती, वासाची. डाख देताना राळेचा धूर होतो आणि खोलीभर राहतो. म्हणून ती पाचच्या आत खिडक्या उघडायची आणि फिनेलनं फरशी पुसायची.

"फिनेल?" घरात शिरताच गार्डसाहेब विचारायचे.

"मुंग्या झाल्यात."

"परवाही झाल्या होत्या."

"मग? मुंग्या काय वार बघून येतात?"

"खरं आहे," ते म्हणायचे आणि खिडकीबाहेर बघत बसायचे.

सोमवारी तीन सांधे झाले, बुधवारी दोन. शेवटच्या शुक्रवारी फक्त सातवा उरला होता, मालधक्क्याकडे वळणारा. पाती जोडली, नाकाला वायर दिली, स्विच लावला. कळ फिरवली. कळीच्या डबीवरचा हिरवा दिवा लाल झाला, डबी किर्र करून ओरडली आणि गाडी जागच्या जागी मेली. फक्त सातव्यावर नव्हे, कुठंच काही चालेना. शॉर्ट.

तिनं वायरी उलटसुलट करून बघितल्या. स्विच बदलला. दिवा लालच. घड्याळात पाच वाजत आले. परवा टेंपो येणार, आणि जी गाडी निदान बोट लावून तरी चालायची ती हिच्या हातांनी आता पुरती बंद पडली होती. करायला गेले काय आणि झालं काय. तिनं खिडक्या उघडल्या आणि फिनेलची बाटली घेतली.

त्या संध्याकाळी तिनं आमटीत मीठच घातलं नाही. गार्डसाहेबांनी दोनदा तिच्याकडे बघितलं.

"तुझा खडू दे जरा," ते म्हणाले. "आणि कटिंगचा एखादा कागद. डॉक्टरांनी सांगितलंय, डाव्या हातानं रेघोट्या मारा."

तिनं दिला. कागद मांडीवरच्या पाटावर ठेवून ते मशीनशेजारी बराच वेळ रेघोट्या मारत बसले. झोपायला जाताना म्हणाले, "उद्या मला उठवू नकोस. नऊपर्यंत लोळणार आहे. दार ओढून घे."

पाचाच्या ठोक्याला उठणारा माणूस हा. आजारपणातसुद्धा सहा चुकले नव्हते.

सकाळी ती मशीनवर बसली तर सुईच्या पायाखाली तो कागद दाबून ठेवलेला. वेड्यावाकड्या रेघांनी सातवा सांधा काढला होता, पण माप बिनचूक, नकाशे काढणाऱ्याचंच. नाकाच्या पुढं, मालधक्क्याच्या रुळावर, त्यांनी एक कात्री काढली होती. बरोबर तिच्या कात्रीसारखी, मोठ्या मुठीची. खाली एकच शब्द, जेमतेम वाचता येईल असा: फट.

टेलरबाई तो कागद हातात धरून बसून राहिली. म्हणजे त्यांना पहिल्या दिवसापासून माहीत होतं. ज्याचं अर्धं आयुष्य ह्या खोलीत डाख देण्यात गेलं त्याच्यापासून ती राळेचा वास फिनेलनं लपवत होती. आणि तो मुंग्यांवर मान डोलवत होता. का, तेही तिला कळलं. तिला आभार नको होते हे त्यांनी ओळखलं होतं.

बाकीच्या सहा सांध्यांपुढं त्यांनी मुळातच रूळ तोडून मध्ये प्लास्टिकचा तुकडा बसवलेला होता, हे आता नीट बघितल्यावर तिला दिसलं. सातव्यापुढं मात्र लोखंडाची जोड, म्हणून ती अडणार तर इथंच, हे त्यांना न बघताही ठाऊक होतं. तिथून दुसऱ्या रुळाची वीज मागच्या दारानं नाकात शिरत होती. मध्ये फट पाडायची, बस.

फट पाडायची म्हणजे रूळ कापायचा. त्यांच्या खणातली बारीक करवत घेऊन ती उभी राहिली आणि तिचा धीर होईना. कापड एकदा कापलं की कापलं, हे तिला कुणी सांगायला नको होतं. तिनं तीनदा मापलं, खडूची खूण केली, श्वास रोखला आणि कापला. फटीत प्लास्टिकचा तुकडा बसवला. कळ फिरवली. दिवा हिरवा राहिला. तिनं लगेच कळ बंद केली. पुढची गाडी तिनं चालवायची नव्हती.

नवाला पाच मिनिटं कमी असताना शेजारच्या खोलीतून मोठ्यानं जांभई ऐकू आली. इतकी खोटी जांभई जगात कुणी दिली नसेल.

चहा झाल्यावर गार्डसाहेब म्हणाले, "आज जरा मागं जाऊन बसतो. उद्या जायचीच आहे, शेवटचं बघून घेतो." तिनं खुर्ची उंबऱ्यावरून आत ढकलली आणि त्यांनी आभार मानायच्या आत पुढच्या खोलीत पळ काढला. मशीनवर कोट घातला, पण पाय पायटीवर नुसता ठेवलेला. कान सगळे मागं.

कळ फिरल्याचा आवाज आला. गाडी निघाली. पहिला सांधा, टक. दुसरा, टक. तिसरा. बोगदा. चौथ्यावर तिचा श्वास अडकला, गाडी अडकली नाही. पाच, सहा. मग खटका ओढल्याचा आवाज, म्हणजे मालधक्क्याकडे वळवली. सातवा. टक. गाडी फिरून पुन्हा पहिल्यावर आली. मग दुसरी फेरी, तिसरी, आणि चौथीला त्यांनी वेग इतका कमी केला की इंजिन मुंगीच्या पावलानं नाकावरून गेलं. तरी थांबलं नाही. तिनं देवाचे, रेडिओवाल्याचे आणि त्या जुन्या ओव्हनांचे एका दमात आभार मानले.

मग फोनचे आकडे दाबल्याचा आवाज, आणि त्यांचं बोलणं, जड पण ठणठणीत. "उद्या टेंपो नको. बघायला यायचं तर या, न्यायला येऊ नका."

टेलरबाईनं पायटी दाबली. कोटाची शिवण सरळ यायला लागली. अर्धा तास गेला असेल.

"अगं, जरा ये."

अडली वाटतं. कात्री तशीच हातात धरून ती आत गेली. गाडी चालू होती. पूल ओलांडून स्टेशनाकडे येत होती, काही अडलेलं नव्हतं.

"काय हवंय? पाणी?"

"नको."

"पाठीला उशी?"

"काही नको. काही नको होतं, म्हणूनच बोलावलं." त्यांनी कळीवरचा हात काढून मांडीवर ठेवला. गाडी आपली फिरतच होती. "रोज मागून घ्यावं लागतं, म्हणून आभार मानावे लागतात. मानतो. आज मला कशाची गरज नाहीये. आज बोलतो ते ऐक."

ती दाराच्या चौकटीला टेकली.

"घरातली सगळ्यात उजेडाची खोली ही. लग्न झालं तेव्हा तुझं मशीन त्या खिडकीपाशी होतं. मी फळी घेऊन आलो आणि तू एक शब्द न बोलता मशीन पुढं नेलंस. एकोणीस वर्षं दिवसाढवळ्या दिवा लावून शिवलंस. तुझा चष्मा तीनदा बदलला. मला दिसत होतं गं. बोललो नाही, कारण बोललो असतो तर फळी हलवावी लागली असती." ते थांबले. जीभ जड झाली म्हणून नव्हे. "आभारी आहे."

दिवसातून चाळीसदा "असू दे" म्हणून तोंड फिरवणारी टेलरबाई. ह्या वेळी तिला तोंड फिरवता आलं नाही, आणि असू दे म्हणावंसं वाटलं नाही. ते आभार तिला हवे होते. किती वर्षं हवे होते हे तिचं तिलाही माहीत नव्हतं.

"उशीर केलात," ती म्हणाली, आणि हातातली कात्री फळीच्या कडेला ठेवली. मग म्हणाली, "पण मानलेत. मीही आभारी आहे. नऊपर्यंत लोळलात त्याबद्दल."

"फार कंटाळा आला लोळून," गार्डसाहेब म्हणाले.

ती पुढच्या खोलीत गेली, हातशिलाईचा कोट आणि सुईदोरा घेऊन परत आली, आणि खिडकीजवळ खुर्ची ओढून बसली. सुईत दोरा पहिल्याच झटक्यात गेला. तिनं वर बघितलं तर ते तिच्याकडेच बघत होते. गाडी तिसऱ्या सांध्यावरून गेली, चौथ्यावरून गेली, आणि दोघांपैकी कुणाचंच तिच्याकडे लक्ष नव्हतं.